डावी बाजू

"गाडीला हात लावू नकोस," आप्पा म्हणाले. "आहे तशी बरी आहे ती."

"अहो आप्पा, उद्या उजू जायचीय त्यातून. काचेवर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ बसलीय."

"वर फुलं लावणार आहेत. फुलांखालची धूळ कोण बघतंय?" त्यांनी चपला घातल्या आणि सदामामांबरोबर ते चालत मंडईकडे, हारवाल्याला भेटायला गेले.

मी अंगणातच उभी राहिले. आत जायचं जिवावर आलं होतं. कराडचं आमचं घर तीन खोल्यांचं, आणि आदल्या दिवसापासून त्यात आत्या, माम्या, चुलत्या आणि त्यांची पोरं. उज्ज्वला, म्हणजे आमची उजू, माझ्याहून पाच वर्षांनी धाकटी. धाकटीचं आधी होत होतं, त्यामुळे घरात शिरणारी प्रत्येक बाई उजूच्या हातावरची मेंदी बघायची आणि मग मान वळवून माझ्याकडे बघायची. कुणी काही विचारलं तरी मला राग यायचा, नाही विचारलं तरी यायचा. सकाळपासून मी लाडू डब्यांत भरले, पाट पुसले, रुखवताच्या टोपल्यांना पुन्हा पुन्हा जिलेटीनचे कागद बांधले. हात रिकामे राहिले की छातीत काहीतरी धावायला लागायचं. मग गाडी दिसली.

आप्पांची ती जुनी, गडद निळी मारुती. आप्पा एस.टी.त ड्रायव्हर होते. कराड-चिपळूण गाडीवर त्यांनी इतकी वर्षं काढली होती की कुंभार्ली घाटातल्या चहावाल्यांची पोरं त्यांच्या डोळ्यांसमोर मोठी होऊन स्वतः टपरीवर बसायला लागली होती. नोकरीत एकही अपघात नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला आईनं देवघरात ठेवला होता. निवृत्तीनंतर त्यांनी ही गाडी सेकंडहँड घेतली. आई कायम त्यांच्या शेजारी बसायची आणि सारखी बोलायची. "अहो, टेम्पो. अहो, म्हातारी चाललीय कडेनं. अहो, खांब." आम्ही हसायचो. सदामामा तिला कंडक्टरीणबाई म्हणायचे. आप्पा मात्र तिच्यावर कधी चिडायचे नाहीत, याचं मला नवल वाटायचं.

लग्न मुलाकडे, चिपळूणला होतं. गोरज मुहूर्त. वऱ्हाडाची मोठी गाडी सकाळी लवकर पुढे जाणार होती आणि तिच्यातून आई जाणार होती, कारण तिकडची सगळी मांडामांड तिला बघायची होती. उजू मागून आप्पांच्या गाडीतून येणार होती. तिनं साखरपुड्यातच सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "मला माझे आप्पाच नेणार."

मी बादली भरली.

गाडी चालवायचं म्हणाल तर मला चांगलं येत होतं. पुण्याच्या ज्या बियाणांच्या कंपनीत मी नोकरी करत होते, तिची जीप घेऊन मी जुन्नर, अकोले, पार त्र्यंबकपर्यंत एकटी फिरत असे. पण गाडी धुणं हे काम कधी केलेलं नव्हतं. ते वॉशिंग सेंटरवर व्हायचं. मी आईची कपड्याची पावडर पाण्यात कालवली, फेस केला आणि बॉनेटवर ओतला. मे महिन्यातलं ऊन. घासून मी टपाकडे वळले, तोवर बॉनेटवरचा फेस सुकून त्याचे पांढरे ओघळ झाले होते. पुसायला गेले तर आणखी पसरले. टॉवेलात कुठेतरी वाळूचा कण अडकला असावा, कारण बॉनेटवर केसासारख्या बारीक रेघा गोल गोल उमटल्या. आप्पा नको म्हणाले होते आणि मी लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी बिघडवून ठेवली होती.

कोपऱ्यावर स्पेअर पार्टचं दुकान होतं. मी ओल्या हातांनीच तिथे गेले.

"कपड्याचा साबण?" दुकानदार म्हणाला. "आणि उन्हात? आधी सावलीत घ्या गाडी. नुसतं भरपूर पाणी सोडा, म्हणजे माती निघून जाईल. मग हा शाम्पू. टपापासून सुरुवात करायची, चाकं शेवटी. चाकांचं फडकं वर आणायचं नाही. कोरडी झाली की हे पॉलिश. एका वेळी हातभर जागा घ्यायची. पांढुरकं धरलं की दुसऱ्या फडक्यानं पुसायचं."

"रेघा जातील?"

"बारीक असतील तर जातील. आधी जुन्या बनियनचं फडकं घ्या."

घरी आले, खुंटीवरची चावी घेतली. आप्पा गाडी नेहमी डाव्या बाजूनं कुंपणाच्या भिंतीला अगदी चिकटवून लावायचे. त्या बाजूचं दार उघडायलाही जागा राहायची नाही, आईसुद्धा फाटकाबाहेर गेल्यावर गाडीत बसायची. मी गाडी मागे घेतली आणि आंब्याच्या सावलीत आडवी लावली.

पहिला हात नीट बसला. पाणी सोडलं तशी माती मऊ होऊन खाली उतरली. शाम्पूचा फेस हलका होता, हात घसरत जायचा. मग आप्पांचा जुना बनियन फाडला आणि उजव्या पुढच्या दारावर बोटभर पॉलिश घेतलं. गोल फिरवत राहिले. दारावर धुकं आल्यासारखं झालं. दुसरं फडकं फिरवलं आणि त्या धुक्यातून माझा चेहरा वर आला, कपाळावर केस चिकटलेला, ओठ घट्ट मिटलेला. मी थोडा वेळ बघत राहिले. सकाळपासून पहिल्यांदाच छातीतली धावाधाव थांबली होती.

उजवी बाजू झाली, बॉनेट झालं. बारीक रेघा पुष्कळशा गेल्या. मग मी डाव्या बाजूला आले.

पहिल्याच हातात फडकं काळं झालं. मळलेलं नाही, काळं कुळकुळीत. मी दचकून हात उचलला. दाराच्या मधोमध पांढरट चट्टा उघडा पडला होता. रंगच निघाला, असं मला वाटलं. नखानं खरवडून बघितलं, आणखी काळं निघालं. मी फडकं नाकाशी नेलं. तो वास मला लहानपणापासून ओळखीचा होता. ड्यूटीवर जायच्या आधी आप्पा पायरीवर बसून बुटांना लावायचे ते पॉलिश.

मी आता मुद्दामच घासायला लागले. मागचं दार, पुढचं दार, पुढचा पत्रा, बंपरचा कोपरा. जिकडे हात फिरवावा तिकडे बूटपॉलिश निघत होतं आणि खाली ओरखडे होते. लांब, आखूड, एकावर एक. एकात कुठल्याशा फाटकाचा हिरवा रंग भरला होता, एकात रिक्षाचा पिवळा. मागच्या चाकावरच्या पत्र्याला हाताला लागेल असा पोचा. उजव्या बाजूला मी मघाशीच इंच न् इंच हात फिरवला होता. तिथे काहीच नव्हतं.

आई चहा घेऊन बाहेर आली. कप तिच्या हातातच राहिला.

"ती बाजू कशाला काढलीस?" ती हळू आवाजात म्हणाली.

"आई, हे काय आहे?"

"काही नाही. घासलंय कुठंतरी. ते यायच्या आत परत लाव काळं, आणि गाडी भिंतीला लाव."

"एकदा घासलेलं नाहीये हे."

"कुंदा, घर माणसांनी भरलंय. उद्याचा दिवस जाऊ दे." कप बॉनेटवर ठेवून ती आत गेली. तिची पाठ मला कधी नव्हे ती वाकलेली दिसली.

आप्पा आणि मामा फाटकातून आले तेव्हा मी तशीच उभी होते. मामा सरळ घरात गेले. आप्पा गाडीकडे बघत माझ्या दिशेनं आले. वाटेत, त्यांच्या डाव्या हाताला, माझी बादली होती. भर उजेडात, लाल रंगाची. त्यांचा पाय तिच्यावर आदळला आणि पाणी सांडलं.

"वाटेत ठेवतात का बादली?" ते म्हणाले.

मी त्यांच्या डाव्या बाजूला गेले आणि काळं फडकं हातभर अंतरावर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला धरलं. ते बॉनेटकडे बघत होते. "चांगलं चकाकलंय," म्हणाले. मी फडकं हलवलं. त्यांची मान हलली नाही.

"आप्पा," मी म्हणाले, "माझ्या हातात काय आहे?"

तेव्हा त्यांनी मान वळवली. फडकं बघितलं, त्याच्यामागचं दार बघितलं. मग ते पायरीवर जाऊन बसले आणि बराच वेळ गुडघे चोळत राहिले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काचबिंदू म्हणाले डॉक्टर. डावा गेलाच म्हणायचा. औषध घालतो, उजव्याला धक्का नाही." मग मान वर न करता म्हणाले, "गाडी घेतली तेव्हा थोडं दिसायचं."

आई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं दार हळूच मागे ओढून घेतलं, आतल्या बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"तुला माहीत होतं," मी तिला म्हणाले.

"मी बोलते म्हणून तुम्ही सगळे हसता," आई म्हणाली. "नाही बोलले तर त्यांना कळायचं कसं?"

एवढी वर्षं आम्ही मागच्या सीटवर बसून तिची नक्कल करत होतो, आणि ती तेवढ्या वेळात पापणीही न मिटता रस्ता बघत होती.

"उद्या तू पुढच्या गाडीत आहेस," मी म्हणाले. "उद्या कोण बोलणार होतं?"

आईनं आप्पांकडे बघितलं. यावर त्यांचं आधीच भांडण झालेलं असावं, कारण आप्पांनी लगेच मान फिरवली.

"घाट मला पाठ आहे," आप्पा म्हणाले. "लोकांच्या लेकी किती नेल्या मी त्या घाटातून. लग्नाच्या, बाळंतपणाच्या. माझी एक न्यायची आहे. उद्या नेतो, परवा चावी तुझ्या हातात देतो. पाहिजे तर तू बस शेजारी. तुझ्या आईसारखं सांगत जा. मग तर झालं?"

नाही म्हणायला हवं होतं, हे मला आज कळतं तसं तेव्हाही कळत होतं. पण आप्पांनी माझ्याकडे कधी काही मागितलेलं नव्हतं. आणि आतून उजूच्या हसण्याचा आवाज येत होता.

"आधी बाजारापर्यंत जाऊन येऊ," मी म्हणाले. "बघू जमतं का."

संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमाराला आम्ही निघालो. कुणी विचारलं तर पेट्रोल भरायला. मी आईच्या जागेवर बसले. आप्पांनी गिअर टाकला, आणि गाडी अशी निघाली की मला वाटलं, आपण उगाच घाबरलो. त्यांचे हात अजून तसेच होते, घाई नसलेले. मी सांगत गेले. "हातगाडी. दोन माणसं. उभा ट्रक." ते नुसते हुंकार देत होते. चौक पार झाला, पेट्रोल भरलं. परतताना त्यांनी रेठऱ्याच्या रस्त्यानं जाऊ म्हटलं, थोडं मोकळं आहे म्हणाले. त्यांना मजा यायला लागली होती. मलाही.

घराजवळच्या वळणावर कुणाच्यातरी बांधकामाची वाळू पडलेली होती. गल्लीतून सायकलवर एक मुलगी आली, शाळेतली, मागे कॅरिअरला क्लासची पिशवी. ती मला दिसली. इतकी सरळ समोर दिसली की आप्पांना दिसली नसेल हे क्षणभर माझ्या डोक्यातच आलं नाही. मी "सायकल" म्हणेपर्यंत तिचं हँडल आमच्या दाराला लागलं होतं.

आप्पांचा पाय ब्रेकवर गेला. मुलगी वाळूच्या ढिगात पडली.

मी दार उघडून धावले. ती उठून बसली होती. कोपर खरचटलं होतं, केसांत वाळू. रडत नव्हती, फक्त मोठे डोळे करून बघत होती. आप्पा गाडीला वळसा घालून आले. तिच्या पुढ्यात बसून त्यांनी तिचा हात, पाय, डोकं चाचपून बघितलं. रुमालानं कोपर पुसलं.

"तुझी चूक नाही हं बाळ," ते म्हणाले. "मला दिसली नाहीस तू."

"मी घंटी वाजवली होती," मुलगी म्हणाली.

"वाजवली असशील."

त्यांनी सायकल उभी केली, पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल सरळ करून दिलं. ती तिच्या घराच्या फाटकात शिरेपर्यंत आम्ही पाठोपाठ चालत गेलो. तिच्या आईलाही आप्पांनीच सांगितलं, माझ्या गाडीचा धक्का लागला म्हणून. परत आल्यावर ते गाडीच्या उजव्या दाराशी थांबले. मी वाट बघत होते. मग ते पलीकडून डाव्या दाराकडे आले आणि आईच्या जागेवर बसले.

"चल," म्हणाले. घरी पोचेपर्यंत त्यांनी दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले होते.

रात्रीची जेवणं व्हायच्या आधी सगळे अंगणात होते. पोरं चकाकत्या बॉनेटमध्ये तोंडं वाकडी करून बघत होती. सदामामा उद्याची व्यवस्था सांगत होते, कोण कुठल्या गाडीत ते. "आणि नवरी भाऊजींच्या गाडीत," ते म्हणाले.

"गाडी कुंदा चालवणार," आप्पा म्हणाले.

मामा हसले. "कुंभार्लीत? नवरी घेऊन? भाऊजी, तिनं घाट बघितलाय का? तुम्ही असताना पोरीच्या हातात कशाला द्यायची?"

"मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही, सदा."

आईनं पदर तोंडावर घेतला. आप्पा खुर्चीत सरळ बसले होते, जसे स्टिअरिंगमागे बसायचे तसे. "कधीचंच दिसत नाही. तुझी बहीण मला सांगते म्हणून इथवर आलो. आज एक पोर पडली, माझ्या गाडीखालीच यायची. तेव्हा आता नाही."

उजू मेंदीचे हात हवेत धरून दारात उभी होती. ती पुढे आली, पण हात लावता येईना, म्हणून तिनं नुसतं कपाळ त्यांच्या खांद्यावर टेकलं. "मग तुम्ही मागे बसा, माझ्याजवळ," ती म्हणाली.

"बसतो की," आप्पा म्हणाले.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. आप्पांनी त्यानंतर गाडी चालवली नाही. दुसऱ्या दिवशी वऱ्हाडाच्या गाडीत आई खिडकीशी बसली आणि पाटण यायच्या आत झोपली, ती थेट घाट उतरल्यावर पोफळीला जागी झाली. मामी नंतर म्हणाली, इतकं गाढ झोपलेलं माणूस मी एवढ्या गडबडीत कधी पाहिलं नाही.

आम्ही तिघं मागून निघालो. शेजारच्या सीटवर नारळ आणि हळदीकुंकवाची पिशवी, मागे उजू आणि आप्पा. कोयनानगरपर्यंत आप्पा बोलत होते. इथे दरड आली होती, इथे एका बाईला गाडीतच कळा सुरू झाल्या होत्या. आरशात मला त्यांचा उजवा पाय दिसत नव्हता, पण प्रत्येक वळणाला तो पुढच्या सीटच्या खाली दाबला जातोय, हे मला पाठीला कळत होतं.

घाट सुरू झाला तसे ते गप्प झाले. दोन-तीन वळणं गेली.

"ताई," उजू म्हणाली, "आप्पा बघ कसे करतायत."

त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम. एका हातानं त्यांनी सीटची कड धरली होती. "थांबव जरा," ते कसेबसे म्हणाले.

मी गाडी कडेला घेतली. दार उघडून ते उतरले, कठड्याला धरून वाकले आणि सकाळचे पोहे सगळे बाहेर आले. उजू पिवळी साडी वर खोचून धावली, रंगलेल्या हातानं तिनं त्यांचं कपाळ धरलं. मी पाण्याची बाटली घेऊन गेले. मला भलतीच भीती वाटली होती, त्यांच्या छातीचं वगैरे. पण चूळ भरून झाल्यावर त्यांनी आमच्या दोघींकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडावर आश्चर्य होतं.

"गाडी लागते म्हणतात ती हीच का गं?" ते म्हणाले.

उजू हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, मग तिचं तिलाच आवरेना.

"अगं, खरंच," आप्पा म्हणाले. "जन्मात कधी मागे बसलो नाही. बायका-पोरं ओकायची तेव्हा मी ओरडायचो, तोंड बाहेर काढा, गाडी घाण करू नका. कुणाला असं होत असेल असं वाटलंच नाही कधी." ते दरीकडे वळले. "एवढ्या लोकांना घेऊन गेलो मी."

मी त्यांना पुढे बसता का विचारलं. नको म्हणाले, लेकीजवळ बसतो. उजूनं त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि हळदीकुंकवाच्या पिशवीतलं एक लिंबू काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते मुकाट्यानं नाकाशी धरलं.

मी गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवली आणि वळणं सावकाश घेत निघाले. खालून एक एस.टी. चढत आली. तिला वाट द्यायला मी कडेला थांबले. आप्पांचे डोळे मिटलेले होते. एस.टी. निघून गेली, गाडी पुन्हा चालू लागली, तसा मागून त्यांचा आवाज आला, लहान मुलासारखा.

"कुंदा, किती वेळ आहे गं अजून?"

"आलंच, आप्पा," मी म्हणाले.

निम्मा घाट अजून उतरायचा होता.